विमलताईंची जोडी

मारेगावकडच्या विमलताईंना दुसऱ्या कुणी रागावायची गरजच नव्हती. ते काम त्या स्वतःच उरकून टाकायच्या. भाजी खारट झाली की "बिनडोक", दूध उतू गेलं की "तुह्याच्यानं काई होत नाई." मागच्या साली बायकांच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, त्या पहिल्यांदा छकड्यावर चढल्या आणि लखन-पाखऱ्याची जोडी पटाच्या मध्यावरच उभी राहिली. अख्ख्या गावासमोर. त्यावरून त्यांनी वर्षभर स्वतःला सोलून काढलं.

यंदा एकच ध्यास होता, जोडी शेवटच्या रेषेपार न्यायची.

सरावात पुन्हा तेच. कासरा जरा हातून निसटला, ताई स्वतःवर खेकसल्या, "मेली बयताड!" आणि दोन्ही बैल कान पाडून जागीच थबकले. बांधावर बसलेले देवराव, त्यांचे यजमान, हसत सुटले.

"कायले हासता?"

"अवं, तू कोणाले शिव्या देऊन राह्यली, हे बैलाले काय समजते? त्याइले वाटते, आपल्यालेच बोलली."

विमलताई चमकल्याच. मागच्या साली चाक घसरलं तेव्हाही त्या अशाच ओरडल्या होत्या, स्वतःवर. बैलांना मात्र त्या जन्मात कधी वावगा शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांना एकदम रडूही आलं आणि हसूही.

"मंग तोंड शिवून घेऊ काय?"

"कायले? बैलाशी बोलते तशी बोल ना सोताशी."

पटाच्या दिवशी दोन्ही बाजूंना माणूसच माणूस. झेंडी पडली, जोडी सुसाट निघाली. ताईंच्या काळजाचे ठोके खुरांशी पैज लावत होते. मध्यावर छकडा उसळला, कासरा निसटला. शिवी ओठांपर्यंत आली. ताईंनी ती गिळली आणि लाडाने हाक घातली, "चाल लखन! चाल पाखऱ्या! चाल विमल, धर, काई नाई होत!"

कासरा हाती लागला. बैल जे उधळले, ते रेष केव्हा मागे पडली कळलंच नाही. नंबर पाचवा आला, पण ताईंना तर नाचावंसं वाटत होतं.

त्या खाली उतरल्या तसा एक म्हातारा जवळ आला. जोडी खालीवर न्याहाळत म्हणाला, "बाई, लखन समजला, पाखऱ्या समजला. विमल कोनता बैल हाय?"

"मधला," ताई म्हणाल्या. "शिव्या देल्या का अडते. लाडानं बोललं का पळते."