ताईच्या पाणी न मागणाऱ्या बादल्या

ताई गेली त्याला आता दीड महिना होत आला. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच बोलतो, "काय हिरवीगार गॅलरी मागे ठेवून गेली हो." मी चहा देते आणि गप्प बसते. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, म्हणून गप्प. पण लिहायलाच बसलेय तर खोटं लिहिणार नाही. त्या गॅलरीचा मला राग आहे, आणि ताईचा त्याहून जास्त.

माझी ही थोरली बहीण अंबरनाथला एकटी राहायची. आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये नोकरी केली, लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही. रिटायर झाल्यावर गॅलरीत वांगी-टोमॅटो लावायचं खूळ घेतलं. तेव्हा कुंड्या साध्याच होत्या. ती सहलीला गेली की पाणी घालायला मी बदलापूरहून जायची, म्हणून तिच्या घराची एक चावी माझ्याकडे असायची. पाणी घालून झालं की मी फ्रिज बघायची, गोळ्यांचं पाकीट बघायची, डबेही उघडायची. उघडायचेच. साखर वाढलेली बाई, एकटी राहणार, आणि डब्यात बेसनाचे लाडू. बोलायला नको? मी बोलायची. ती म्हणायची, "तू पाणी घालायला येतेस की धाड घालायला?"

मग एका उन्हाळ्यात तिनं त्या बादल्या केल्या. उल्हासनगरला कॅम्पातल्या बाजारात जाऊन रंगाच्या रिकाम्या बादल्या घेऊन आली. एकात एक अशा दोन; खालचीत पाणी, वरचीत माती, आणि वरचीच्या बुडाला भोक पाडून जुन्या सुती परकराची जाड वात खाली पाण्यात सोडलेली. वातीतून पाणी वर चढतं, माती ओली राहते. कडेच्या पाइपातून खालची बादली एकदा भरली की आठवडाभर बघायला नको. मोठ्या तोऱ्यात दाखवलं मला सगळं. कौतुक करण्यासारखी गोष्ट होती, नाही म्हणत नाही. मी केलंही. तर बाईसाहेब हात पुढे करून म्हणाल्या, "मग चावी दे आता. पाणी घालायला यायची गरज नाही." मला वाटलं थट्टा करतेय... पण हात तसाच पुढे. मी पर्समधून चावी काढली, तिच्या तळहातावर आपटली आणि चहा न घेता निघाले. पुढे कितीदा मागितली. "अगं, एकटी असतेस, काही झालं तर?" "झालं तर होईल. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" दरवेळी हेच. वर निघताना माझ्या पिशवीत वांगी कोंबायची. ती वांगी मी घरी आणायची आणि भरीत करताना तिला शिव्या घालायची.

यंदाच्या उन्हाळ्यात एक दिवस ती फोन उचलेना. रुसली की फोन न उचलणं ही तिची जुनी सवय, आणि आदल्याच आठवड्यात चावीवरून आमचं पुन्हा वाजलं होतं. तरी मन मानेना, म्हणून तिच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या सिंधी भाभींना फोन लावला. त्यांच्या खिडकीतून ताईची गॅलरी स्पष्ट दिसते. भाभी बघून आल्या आणि म्हणाल्या, "अरे दीदी, सब्जी तो एकदम फ्रेश है. रोज पानी डालती होगी. टेन्शन मत लो." मी टेन्शन घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही फोन उचलला नाही तेव्हा गेले. चावीवाल्याला बोलावून दार उघडावं लागलं. ताई बाथरूममध्ये पडलेली होती. डॉक्टर म्हणाले, लगेच गेली नसावी... गॅलरीत टोमॅटो लालबुंद, एक पान सुकलेलं नाही.

भाभी रडत होत्या, "हरा हरा दिखता था ना, हमको क्या मालूम." त्यांना काय बोलणार? साध्या कुंड्या असत्या तर त्या उन्हात एका दिवसात झाडांनी माना टाकल्या असत्या. भाभींना दिसलं असतं, त्यांनी मला सांगितलं असतं. आणि चावी माझ्याकडे असती तर दुसऱ्याला गॅलरी बघायला मी कशाला सांगितलं असतं? भांडण गेलं खड्ड्यात म्हणून सरळ गेले असते. वाचली असती की नाही, देव जाणे. पण एकटी पडून राहिली नसती. हे मी तिला माफ करणार नाही. हुशारी केली ती केली, आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही.

तेरावं झाल्यावर नातेवाइकांनी आठवण म्हणून बादल्या वाटून घेतल्या. मीही एक आणली, वांग्याची. घरात पाऊल टाकल्याबरोबर वरची बादली उचलली, वात खेचून काढली आणि खालचं पाणी मोरीत ओतलं. आता माझ्या गॅलरीतल्या त्या वांग्याला रोज सकाळी मी तांब्यानं पाणी घालते. नाही घातलं तर दुपारपर्यंत ते मान टाकतं. टाकू दे. समोरच्या वहिनींच्या हातात घराची एक चावी दिली आणि म्हटलं, "हे वांगं सुकलेलं दिसलं तर फोन करत बसू नका. सरळ आत या." "काहीतरीच बोलता तुम्ही," म्हणाल्या त्या. पण सकाळी कपडे वाळत घालायला आल्या की आधी माझ्या वांग्याकडे बघतात, आणि मगच बादलीतला पहिला कपडा पिळतात.