दंडाला बांधलेली ट्यूब

लोहाऱ्याच्या तहसील कार्यालयात मी कारकून आहे. तिथं मी उचलतो ती सर्वांत जड वस्तू म्हणजे फेरफाराची नोंदवही, तीही शिपाई जागेवर नसेल तर. त्यामुळे चव्वेचाळिसाव्या वर्षी मी दंड कमवायला निघालो तेव्हा बायको हसली, यात तिची चूक नव्हती.

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकवा मारला आणि त्यांचं उजवं अंग गेलं. उभी हयात मेंढरं राखलेला माणूस. लंगडी मेंढी खांद्यावर टाकून कोसभर चालायचा. आता खाटेवरून शौचाच्या खुर्चीवर बसायलाही त्यांना उचलावं लागे, आणि ते मला जमेना. एकदा प्रयत्न केला, तर आम्ही दोघंही खाटेवर आडवे झालो. मग शेजारचे वेल्डिंगवाले चाचा रोज सकाळी येऊन त्यांना अलगद उचलू लागले. चाचांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. पण आबांनी दुपारनंतर पाणी पिणं सोडलं. खाटेवरच लघवीचं भांडं घेणं त्यांना मंजूर नव्हतं, आणि अवेळी लागली तर शेजाऱ्याला हाक मारावी लागेल, याचा संकोच. ओठ सुकायचे, तरी तांब्या तसाच परत यायचा. मला स्वतःची फार लाज वाटायची.

अशात मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. दंडाला वरच्या बाजूला पट्टा बांधून रक्त थोडं अडवलं, तर हलक्या वजनानंही स्नायू वाढतात म्हणे. पट्टा खास हवा, बेतानं आवळायचा, असंही तो सांगत होता. ते मी सोयीनं ऐकलं नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापल्या. वर व्यायामाआधी प्यायची, तरतरी आणणारी पावडर मागवली. डब्यावर एक चमचा लिहिलं होतं. मी दोन घातले.

रविवारी दुपारी त्या दोन्ही दंडांना करकचून बांधल्या आणि परसात पाण्यानं भरलेले तेलाचे डबे उचलायला लागलो. थोड्याच वेळात छाती धडधडू लागली, घामाच्या धारा लागल्या, बोटं निळी पडली आणि गाठी काही सुटेनात. तेवढ्यात धुणं वाळत घालायला बायको आली. आवळून बांधलेले हात, निळी बोटं, थरथरणारा नवरा. डॉक्टर कितीही नको म्हणाले तरी आमच्याकडं हात असा एकाच कारणासाठी बांधतात.

"अगं बया, ह्यांना साप चावला!" तिनं हंबरडा फोडला.

गल्ली गोळा झाली. चाचा जीप बघायला पळाले. कुणीतरी माझ्या तोंडात कडुलिंबाचा पाला कोंबला. "कडू लागतंय का?"

"लागतंय," मी म्हणालो.

"मंग अजून ईख चढलं न्हाय!"

बायकोनं विळ्यानं ट्यूब कापल्या आणि मी सगळं कबूल करणार, तोच घरातून धप्प आवाज आला. मी आत धावलो. पोराला साप चावला हे ऐकून आबा उठायला गेले होते, ते जमिनीवर पडले होते.

"कुठं चावला रं?"

"चावला न्हाय, आबा. दंड वाढावेत म्हणून बांधलं होतं."

त्यांनी माझ्या हातावरचे वळ पाहिले. "अरं, बोकड खच्ची करताना बी असंच आवळतेत. वाळून गळतंय ते. तू काय गाळाया निघालास?"

दारातली गर्दी खो खो हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार? दोघं जण त्यांना उचलायला पुढं झाले, तर आबांनी डावा हात वर केला. "थांबा. ह्यालाच उचलू द्या." मग मला म्हणाले, "मेंढी हातानं न्हाय उचलत. खाली बस. छातीशी धर. आता मांड्यांच्या जोरावर ऊठ."

मी बसलो. त्यांनी धडका डावा हात माझ्या गळ्यात टाकला. मी उठलो, आणि आबा उचलले गेले. माझ्या मुंग्या आलेल्या दंडांना फारसं काही करावंच लागलं नाही. इतके हलके झालेत हे मला माहीतच नव्हतं, रडू आलं.

"लई धडधडतंय तुझं," छातीला कान लागलेले आबा म्हणाले.

"पावडर प्यालोय."

संध्याकाळी नेहमीसारखा तांब्या पुढं केला, परतच न्यायचा म्हणून हात तसाच ठेवून. आबांनी तो तोंडाला लावला आणि रिकामा करून माझ्या हातात दिला.

"अजून आण," ते म्हणाले.