आबांचं मत आणि माझं मत

मी मॅट्रिक पास झाले त्या उन्हाळ्यात पलूसजवळच्या आमच्या गावात मतं विचारणारा एक माणूस आला. पुण्याचा, बुशशर्टातला, घामानं निथळणारा. जगातल्या पुष्कळ देशांत हेच प्रश्न विचारताहेत म्हणाला. वडीलधाऱ्यांना काय वाटतं, तरुणांना काय वाटतं, दोघांत किती फरक पडलाय ते बघायचंय. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून पेन्शन घेऊन आलेले. आपलं मत परदेशात जाणार म्हटल्यावर त्यांनी फेटाच चढवला.

मी आधीच धुमसत होते. सांगलीच्या कॉलेजात जाऊ द्या म्हणून महिनाभर माझी डोकेफोड चालली होती आणि आबांचं एकच पालुपद, "पोरीनं लय शिकून काय करायचं हाय? लोणंदचं स्थळ चांगलं हाय."

चहा घेऊन मी बाहेर आले तेव्हा तो विचारत होता, "मुलींना हवं तितकं शिकू द्यावं का?"

"व्हय तर! द्यायलाच पायजे," आबा म्हणाले. "पोरगा आन पोरगी सारकीच. लिवा. भायेरच्या देशांत कळू द्या, आमी काय मागासल्यालं न्हाई."

मी कपबशा दाणकन खाली ठेवल्या. लग्न मुलीला विचारून ठरवावं का? त्यालाही व्हय! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आई दाराआड तोंडाला पदर लावून हसत होती. मला तिचाही राग आला.

मग त्याला घरातलं कुणीतरी तरुण हवं होतं. आबांनी दादाला हाक मारली, पण दादा उसाला पाणी पाजायला गेलेला. "मग या ताई चालतील," तो म्हणाला. एकटीलाच विचारायचं असतं, असंही त्यानं सांगून बघितलं. "मी कुटं मदी बोलतोय? इचारा की," म्हणत आबा तिथंच मांडी ठोकून बसले.

तोच प्रश्न. आबा माझ्याकडे बघून मान डोलवत होते, म्हण की व्हय. त्या मान डोलवण्यानंच माझं डोकं फिरलं.

"नाही," मी म्हणाले. "मुलींनी शिकू नये. लग्न आईबाप ठरवतील तिथं करावं."

वाटलं होतं, तो विचारेल, का? मग आबांच्या देखत सगळं सांगून टाकीन. त्यानं खाली मान घालून कागदावर खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला.

हात दाखवून अवलक्षण! कुठल्यातरी देशातल्या विद्वानानं आमच्या घरावरून ठरवलंही असेल, हिंदुस्थानात वडीलधारे पुढारलेले आणि तरुण मुली मागास. अजूनही पेपरात नव्या पिढीच्या मतांचे आकडे आले की माझं टाळकं सरकतं.

तो गेल्यावर आबा भडकले. "नाक कापलंस माजं!"

"मग धाडा की सांगलीला," मी म्हणाले. ते पायताण घालून बाहेर निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात लोणंदची मंडळी बघायला आली. मुलाच्या आत्यानं आबांना विचारलं, "आवं, पोरगी येवडी हुशार म्हनताय, मग फुडं का शिकवली न्हाई?"

"माजी लय तयारी हाय," आबा म्हणाले. "पर तिचंच मत न्हाई. परदेशाच्या लोकांनी लिवून घेतलंय तिच्या तोंडून. इचारा तिलाच."

सगळे माझ्याकडे वळले. मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी. नाही कसं म्हणणार? शब्द माझेच होते.