श्रेयाचे पाच फोटो

करमाडजवळच्या वस्तीवर चाळीस वर्षं मेंढरं राखलेला भिकन म्हातारपणी संभाजीनगरात वॉचमन झाला, हेच मुळात नवल. एका ट्रस्टच्या हापिसाबाहेर खुर्ची टाकून बसायचा. पगार यथातथाच. पण बापाविना वाढलेल्या त्याच्या नातीची, श्रेयाची, इंग्रजी शाळेची फी ट्रस्ट भरायचा. तेवढ्यासाठी म्हातारा मालकाच्या, रामप्रसाद शेठच्या, शब्दाबाहेर नव्हता.

ट्रस्टचं काम म्हणे पुण्यकर्माचं. पैसेवाल्यांनी गरीब पोरांच्या शिष्यवृत्तीला देणगी द्यायची, पावती घ्यायची अन् त्या पावतीवर आयकरात सूट मिळवायची. कसलं पुण्य अन् कसलं काय! चेकनं आलेली देणगी कमिशन कापून मागच्या दारानं रोख परत जायची. खरी पोरं नऊ, कागदावर चाळीस. दर मार्चात फोटोवाला यायचा अन् त्याच नऊ जणांना कधी वेण्या घालून, कधी चष्मा लावून, कधी दुसऱ्या गणवेशात उभं करायचा. फाटकावरच्या भिकनला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

यंदा आयकराचे साहेब आले. फायली निघाल्या, शेठ घामाघूम. भिकन चहा घेऊन आत गेला तर साहेबांनी त्याच्यासमोर फायलींतले पोरांचे फोटो पसरले.

"बाबा, यातलं कुणी ओळखता का?"

आता मेंढरामागं जन्म काढलेल्या माणसाला असं विचारावं का! भिकनची छाती फुगली.

"वळखतो म्हंजे? साहेब, दोनशे मेंढरांत दुसऱ्याचं एक घुसलं तर अंधारात हात लावून सांगायचो."

म्हातारा फोटो निवडायला बसला. "ही श्रेया, माझी नात. ही बी श्रेयाच, नुसता चष्मा लावलाय. हा हनुमान, हिच्याच शाळेतला. व्हय, हा बी हनुमानच." पलीकडं शेठ डोळे वटारून खोकत होते. "ठसका लागला का शेठ? पानी देऊ?" असं विचारून भिकन पुन्हा कामाला लागला. चाळीस फोटोंचे नऊ ढीग झाले. श्रेयाच्या ढिगात पाच.

"एक बी चुकलो नाय बघा शेठ," तो हसून म्हणाला. साहेब लिहून घेत होते.

ट्रस्टला कुलूप लागलं. शेठनं मोठा वकील दिला. ते सुटतील, असली माणसं सुटतातच. मेलं ते पोरीचं शिक्षण. भिकनची नोकरी गेली, जूनमध्ये फी भरली नाही म्हणून शाळेनं श्रेयाचं नाव काढलं अन् आजोबा-नात वस्तीवर परतले. वस्तीवरची शाळा चौथीपर्यंत, अन् नववीतल्या पोरीला एकटीला लांब धाडायला आई तयार होईना. श्रेया आईबरोबर रोजानं खुरपायला जाऊ लागली.

एके दिवशी रानातून आल्यावर हात धुता धुता ती म्हणाली, "आबा, पाच फोटो होते माझे. चौघींना तरी 'वळखत नाय' म्हनायचं होतंस की रं!"

म्हातारा रडकुंडीला आला. "तुला बघून वळखत नाय, असं कसं म्हनलो असतो गं मी?"

खुरपं कुडात खोचून ती आत गेली.