तो अंगठा माझा नाही

"आजी, इंग्रजी नंतर झाडा. अंगठा तुमचा आहे ना? हो की नाही, एवढंच बोला."

भर कोर्टात, साक्षीच्या पिंजऱ्यात मी उभी होते. समोरच्या वकिलाच्या या वाक्यावर मागचे बाक हसले. माझा भाचाही हसला. त्याला मी मांडीवर खेळवलं होतं.

सई, ओम, नातवंडांनो, हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

पालेगावची जमीन माझ्या वडिलांची. भाऊ गेल्यावर भाच्याने ती बिल्डरला द्यायला काढली. मी दावा लावला, तेव्हा माझा हिस्सा उडवण्यासाठी त्याने जुन्या वाटणीपत्राची झेरॉक्स कोर्टात दिली. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला, असं त्यात लिहिलंय. माझ्या नावापुढे डाव्या अंगठ्याची निशाणी. आमच्याकडे बहिणी साडीचोळी घेऊन हक्क सोडतात आणि अंगठा देतात, म्हणून यांनी माझाही अंगठा उठवला. त्या घरातली पहिली बी.ए. मी. इंग्रजी घेऊन. सहीच्या जागी अंगठा मी जन्मात दिलेला नाही.

"नाही. मला लिहिता..." मी सुरुवात केली.

"साहेब, विटनेस भाषण देतेय," समोरचा वकील न्यायाधीशांना म्हणाला.

पुन्हा हशा. माझेच वकील कुजबुजले, "ताई, गप्प राहा. चिडलात की केस गेली."

मी गप्प राहिले. त्याची लाज अजून वाटते.

त्या आठवड्यात सईला मी तिच्या कायद्याच्या अभ्यासाचं विचारलं. कारण सांगितलं नाही. ती म्हणाली, "आजी, इथे जर्मनीत दिवाणी दाव्यात पक्षकाराला साक्षीदार धरतच नाहीत. जज स्वतः प्रश्न विचारतो. फ्रान्समध्ये साक्ष बहुतेक लेखी असते. इंग्लंडमध्ये वकील उलटतपासणीत फाडून खातात, पण आपल्याला गोत्यात आणणारे कागदही समोरच्याला दाखवावे लागतात."

फोन ठेवल्यावर मला उमगलं. कोणाचं बोलणं पुरावा मानायचं, हे देशोदेशी माणसांनीच ठरवलंय. त्या हशालाच मी कायदा समजले होते. ती नुसती गुर्मी होती.

मग आपल्या पुरावा कायद्याचं पुस्तक आणलं. पेन्सिल घेऊन कलम न कलम वाचलं.

पुढच्या तारखेला वकील म्हणाला, "काय आजी, आज मूड कसा आहे?"

त्याच्याकडे मी पाहिलं नाही. न्यायाधीशांना म्हणाले, "माझं उत्तर पूर्ण लिहून घ्यावं. तो अंगठा माझा नाही. झेरॉक्स नको, मूळ कागद मागवावा. माझा ठसा इथेच घ्यावा आणि तज्ज्ञाकडून ताडून पाहावा."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं.

बाहेर भाच्याने गाठलं. "आत्या, कशाला ताणतेस? एक फ्लॅट तुझ्या नावावर करतो. लोक हसतायत."

"फ्लॅट ठेव तुला. अंगठा कोणाचा लावलास ते आत येऊन सांग."

तो मोबाइल बघत निघून गेला. मूळ कागद अजून आलेला नाही.

तुमचे बाबा म्हणतात, आई, मिटवून टाक. मी मिटवणार नाही. हरले तर वरच्या कोर्टात जाईन. मध्येच मेले तर दावा तुम्ही चालवायचा. मृत्युपत्रात माझा हिस्सा तुम्हा दोघांच्या नावे केला आहे. माझ्या जागी नाव लावायला नव्वद दिवस मिळतात. माझ्या दिवसकार्याला नाही आलात तरी चालेल. कोर्टात अर्ज वेळेत द्या.