बॅटरीच्या गाडीची खांदशेकणी

मला मोटारसायकल चालवता येते, फक्त तिच्यावरून खाली न पडता थांबवता येत नाही.

लायसनसाठी मी तीन वेळा वाशिमला जाऊन आलो. जमिनीवर आखलेल्या इंग्रजी आठावरून पाय न टेकता गाडी फिरवायची, एवढंच काम. पहिल्या दोन वेळा पाय टेकला. तिसऱ्या वेळी पाय टेकला नाही, पण मी आठ अर्धवट सोडून थेट कडुलिंबाखाली नंबरची वाट बघत बसलेल्या मंडळींत जाऊन पोचलो. (कुणाला लागलं नाही. एका बाईंचा डबा तेवढा सांडला.) त्या दिवसापासून आमच्या घरात ‘लायसन’ हा शब्द कुणी काढत नाही.

म्हणून रिसोडच्या दुकानात बॅटरीच्या गाडीचा नियम कळला, तेव्हा मला गहिवरून आलं. वेग ताशी पंचवीसच्या आत आणि मोटार अडीचशे वॅटच्या आत असली, की त्या गाडीला ना नंबर प्लेट, ना लायसन! दुकानदाराकडून मी हा नियम तीनदा वदवून घेतला. एवढ्या मोठ्या देशाचा कारभार बघता बघता सरकारने माझीही आठवण ठेवली, याचं मला फार कौतुक वाटलं. त्याच दिवशी पांढरी गाडी घरी आली.

आमची भाजीची शेती आहे. वांगी, मेथी, सांबार (म्हणजे तुमची कोथिंबीर). पिकवते आई, आणि रिसोडच्या बाजारात नेऊन विकतो मी. बैलजोडी आधीच किन्हीराजा गावी मामाकडे देऊन टाकली होती. आईने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “इचा आवाज कुठी हाय?”

“आवाज नसते इले, माय.”

“मंग चालू हाय हे कसं समजते?”

“चालाले लागली का समजते!”

खरं सांगतो, पहिल्या दिवशी मीच थक्क झालो होतो. बांधावरचा बगळा मी शेजारून गेलो तरी उडाला नाही. वाऱ्यात माझाच सदरा फडफडत होता, तो मला ऐकू येत होता. आणि आवाज नसल्यामुळे, गाव माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल काय बोलतं, तेही पहिल्यांदाच अगदी स्वच्छ ऐकू आलं! (ते इथे लिहीत नाही.)

पण खरी अडचण वेगळीच होती. आठवड्याभरात आई म्हणाली, “सुध्या, मले शिकव. माही भाजी मी नेतो बाजारात. गिऱ्हाइकानं डोळे वटारले का तू लगेच भाव सोडते.”

“माय, आपलं वय पाह्य!”

“वयाचा नियम हाय काय त्यात?”

नव्हता. दुकानदाराला मी नको तितकं विचारून ठेवलं होतं. तरी मी म्हणालो, “नियम नसन, पण मी हाओ!” आणि चावी सदऱ्याच्या खिशात टाकली. त्यानंतर आई रोज सकाळी माझ्या खिशाकडे बघायची आणि टोपली बांधून द्यायची. तिला बाजारात जायचं होतं आणि मी तिला जाऊ देत नव्हतो, इतकं साधं होतं ते. मला त्याची लाज वाटायची, पण चावी काही मी सोडली नाही.

अशात पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहणाऱ्या बैलाचे खांदे पळसाच्या पानाने कोमट तूप आणि हळद लावून शेकायचे, आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आता आमच्या गोठ्यात बैल नाही म्हटल्यावर मी निवांत होतो. पण आई तुपाची वाटी घेऊन अंगणात उभी!

“बैल नाही त नाही. वाह्यणारं जनावर त हाय न घरात?”

“माय, ते गाडी हाय!”

“रोज ओझं वाह्यते का नाही? मंग खांदे शेकाच लागते.”

आता गाडीचा खांदा कोणता? माझी बायको मंदा म्हणाली, “ह्यांडल म्हणजेच खांदे.” आई म्हणाली, “ह्यांडल त शिंगं होय.” मग मी पुढे झालो. (जिथे गप्प बसायचं असतं, तिथे पुढे होण्याची मला सवय आहे.) मी दोघींना समजावून सांगितलं की ओझं कोण वाहतं? चाक! म्हणजे चाक हाच खांदा! आणि पुढच्या चाकाला, बरोबर मध्यभागी, भोकाभोकांची एक चकचकीत ताटली होती. एवढी सुंदर जागा सोडून दुसरीकडे तूप लावणं मला पटेना.

“अरे, ते ताटली कायची हाय, पुस्तकात पाहू काय?” आई म्हणाली.

“शोभेची हाय! अन् पुस्तक दुकानदारासाठी असते, आपल्यासाठी नसते.”

मी अख्खी वाटी त्या ताटलीवर रिचवली. भोकाभोकातून तूप खाली उतरलं. मागच्या चाकापर्यंत पुरलं नाही. मग आम्ही तिघांनी गाडीपुढे हात जोडले आणि आई म्हणाली, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” गाडी काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सीटवर झूल, आरशांना बेगड, आणि नंबर प्लेटच्या मोकळ्या जागी पळसाचं पान. मंदा घुंगरमाळ घेऊन आली, तर मी म्हणालो, “नको! आपल्या गाडीचा मान शांततेत हाय.” आणि निघालो.

पोळा मारुतीच्या देवळापुढे भरतो आणि तिथे जायला चांगला उतार आहे. खाली चाळीस जोड्या दोन रांगांत उभ्या होत्या. समोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. त्या तोरणाखालून पहिली जाते ती भगवानआबांची मानाची जोडी. त्यांच्या आजोबांपासून तो मान त्यांच्या घरात आहे, आणि ती जोडी गेल्याशिवाय दुसरं कुणीही तोरणाखालून जात नाही; ती गेली, की पोळा फुटला म्हणायचं. बंदोबस्ताला आलेले एक हवालदारही सावलीला उभे होते.

मी रांगांच्या शेवटी थांबणार होतो. तसा मी ब्रेक दाबला.

ब्रेक लोण्यासारखा मऊ लागला. पुन्हा दाबला. चाक तुपात फिरत होतं, घरच्या तुपात! एक जोडी मागे पडली, दुसरी मागे पडली. हॉर्न वाजवायला गेलो तर उजवीकडे वळण्याचा दिवा लागला. ओरडायला गेलो तर तोंडातून फक्त “सरका... सरका...” असं कुजबुजल्यासारखं निघालं. चाळीस जोड्यांच्या मधून मी चाललो होतो आणि एकाही बैलाने कान हलवला नाही! एकाने तर मान वळवून मला शांतपणे जाऊ दिलं. पुढे भगवानआबा आपल्या जोडीला गूळ भरवत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत मी तोरणाखालून पार झालो, तोरण माझ्या गळ्यात आलं, आणि मी तोरणापलीकडे, देवळाच्या भिंतीला लागून असलेल्या कुटाराच्या (म्हणजे भुशाच्या) ढिगात अर्ध्या गाडीसकट घुसलो.

ढोल थांबला.

“पोळा... फुटला काय?” भगवानआबांनी विचारलं.

एका म्हाताऱ्याने गाडीला हात जोडले. दुसरा म्हणाला, “फटफटी असती त चाळीसही जोड्या उधळल्या असत्या बाप्पा! लेकरंबाळं तुडवली असती!” कुटार झाडत मी उठलो, तर हवालदार समोर.

“लायसन?”

“लागत नाही साहेब. पंचवीसच्या आत, अडीचशे वॅटच्या आत.”

“नंबर?”

“तोही लागत नाही.”

हवालदारांनी डायरी उघडली, पेन काढलं, आणि तसेच थांबले. “गाडी नियमात हाय. मंग चूक कोनाची लिवू?”

“तुपाची!” गर्दीतून मंदा ओरडली आणि चाळीस जोड्यांचे धनी खो खो हसले. भगवानआबा तेवढे हसले नाहीत. त्यांच्या मानाच्या जोडीची वाट माझ्या गाडीच्या बाहेर राहिलेल्या अर्ध्या भागाने अडवली होती. चार गड्यांनी ओढून पाहिली, पण गाडी कुटारात रुतली होती आणि पुढे भिंत.

तेवढ्यात आई आली. तिने सरळ माझ्या खिशात हात घातला आणि चावी काढली. “बाजूले हो.”

ती कुटारात चढली, लुगडं सावरून सीटवर बसली आणि एक बटण दाबलं. ते बटण दिव्याचं आहे असं मी इतके दिवस समजत होतो. गाडी मागे चालायला लागली! मागे! मान वळवून, एका हाताने पदर धरून, आईने ती ढिगातून अलगद बाहेर काढली, तोरण तुटलेल्या जागेतून उलटी आणली, आणि भगवानआबांच्या पुढ्यात डाव्या हाताचा ब्रेक लावून उभी केली. (डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो हे मी पार विसरलो होतो.) आपली आई आपल्याला माहीतच नव्हती, असं मला त्या क्षणी वाटलं.

“आबा,” ती म्हणाली, “तोरन पुन्हा बांधा. आमचं जनावर नवीन हाय, त्याले रीत माईत नाही.”

भगवानआबांनी पागोटं काढलं, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातलं. “कवा शिकली व बाई तू हे?”

“हा दुपारी झोपते तवा. सदरा खुंटीलेच असते. अन् पुस्तक वाचलं न म्या! ताटली ब्रेकची हाय, हे पान आज हा निंगाल्यावर सापडलं. काल त्याच्यासाठीच पुस्तक पाहू म्हनत होतो, त म्हने पुस्तक दुकानदारासाठी असते!”

तोरण पुन्हा बांधलं गेलं आणि मानाची जोडी मानाने गेली. चावी मात्र माझ्या खिशात परत आली नाही.

आई रोज बाजारात जाऊ लागली. महिन्याभरात तिची तक्रार सुरू झाली, “पंचवीसच्या वर हे जाऊनच नाही राह्यली. मांगून टॅक्टरवाले कावतात.” तिला आता हिरव्या नंबर प्लेटची, जोरात पळणारी गाडी हवी होती. त्या गाडीला सगळं लागतं: नोंदणी, विमा, हेल्मेट, लायसन. मला वाटलं, आता ही थांबेल. ती वाशिमला गेली. मी सोबत होतो, त्याच कडुलिंबाखाली. तिने पाय न टेकता आठ पुरा केला, आणि थांबा म्हणेपर्यंत दुसराही काढला! साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

आता आई पुढे बसते, मी मागे. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, आणि वांग्याची टोपली माझ्या खांद्यावर, कारण नव्या गाडीला ओरखडे पडलेले तिला चालत नाहीत.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी ती तुपाची वाटी घेऊन अंगणात आली, तेव्हा मी घाईघाईने गाडीच्या ब्रेकपुढे आडवा उभा राहिलो. तिने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. “सदरा काढ,” ती म्हणाली. मग पळसाच्या पानाने माझे दोन्ही खांदे नीट शेकले, आणि म्हणाली, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

मी गुमान मान खाली घातली. तूप कोमट होतं, आणि खांदे खरंच दुखत होते.