मास्तरकी सोडली, वस्तरा धरला

दुकानातले केस रोज संध्याकाळी झाडून काढता येतात. बोलणी झाडता येत नाहीत. ती खुर्चीखाली, आरशामागे, फळीवरच्या डब्यांत साचत राहतात. दहा-बारा वर्षांत त्यांचा एवढा ढीग झालाय की चिडायचं म्हटलं तरी सुरुवात कुठून करावी कळत नाही. तुम्ही मंडळी ऐकता आणि हसता. हसा! मी मात्र यातलं काहीही हसत हसत भोगलेलं नाही.

आधी शाळेचं सांगतो, कारण दुकान तिथूनच निघालं.

अकरा वर्षं मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो, डोंगराकडच्या एका गावात. जात न्हाव्याची, वडील बलुत्यावर हजामती करणारे. पण मी फायनल पास झालो, नोकरीला लागलो, आणि घरातला वस्तरा आता गंजणार म्हणून सगळे खूश होते. एकदा तपासणीला साहेब आले. मुक्काम शाळेतच. सकाळी मी फळ्यावर सुविचार लिहीत होतो, तर साहेब मागून आले आणि हनुवटीवर हात फिरवत म्हणाले, "गुरुजी, तुमच्यात हा धंदा घरचाच ना? तपासणीआधी माझी दाढी तेवढी उरकून टाका."

पोरं बघतायत! मी खडू खाली ठेवला. म्हटलं, "साहेब, इथं मी मास्तर आहे. दाढ्या करायची वेळ आली तर दुकान घालीन. तिथं या, रांगेत बसा, करून देईन."

साहेबांनी शेरा मारला, 'शिक्षक उद्धट.' मी दुपारी राजीनामा लिहिला. उद्धट तर उद्धट!

मला वाटलं होतं, घरी वडील शाबासकी देतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं, मी जल्मभर लोकांच्या वसरीवर उकिडवा बसलो, ते तुला खुर्चीत बसवाया. आन् तू खुर्ची आनून तिच्यात दुसऱ्याला बसवनार व्हय?"

* * *

आमच्याच गावात, पौडला, एस.टी. स्टँडजवळ गाळा मिळाला. पुण्याच्या जुन्या बाजारातून फिरती खुर्ची आणली, एक मोठा आरसा आणला. पाटी रंगवायला पिरंगुटचा पेंटर बोलावला. मी स्वतः कागदावर अक्षरं काढून दिली : 'केशकर्तनालय'. दोन तासांनी येऊन बघतो तर पाटीवर हे एवढं मोठं, तांबड्या रंगात : 'केशकर्तव्यालय'!

अकरा वर्षं ऱ्हस्व-दीर्घासाठी जीव आटवलेला माणूस मी. अंगाचा नुसता तिळपापड झाला. "अरे, लोक काय म्हणतील?"

पेंटर ब्रश धूत शांतपणे म्हणाला, "गुरुजी, ज्याला वाचता येतं त्यो पुन्याला जाऊन केस कापतो. हितं न वाचनारंच येनार!"

* * *

तालुक्यात एक मोठे बागाईतदार होते. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. दुकान उघडून आठवडा झाला नाही तोच त्यांचा गडी निरोप घेऊन आला. "रावसायेबांनी दाढीला वाड्यावर बोलावलंय."

मी म्हटलं, "दुकान स्टँडजवळ आहे. सकाळी सातला उघडतो."

गडी गेला, तासाभरानं परत आला. "रावसायेब म्हनत्यात, तुजा बाप यायचा."

"बाप बलुत्याला यायचा. मी दुकान घातलंय. त्यांना सांग, खुर्ची फिरते, बघून जावा."

रावसाहेब हट्टाला पेटले. 'न्हाव्याच्या दारात मी जाणार नाही!' दुसरा कुणी चांगला हात पंचक्रोशीत उरला नव्हता, वडिलांचे हात तर आता थरथरायचे. रावसाहेबांची दाढी वाढायला लागली. चार दिवस, सहा दिवस, नऊ दिवस. मी आपला सातला दुकान उघडतोय. हट्ट मलाही होता!

दहाव्या दिवशी भुकूमची त्यांची सोयरी मंडळी दोन बैलगाड्या भरून आली. बायांनी वेशीपासूनच गळा काढला. रावसाहेब धावत बाहेर आले, "कोन गेलं? कोन गेलं?"

व्याही उपरणं डोळ्याला लावून म्हणाले, "त्येच इचारायला आलोय की आमी! दाढी वाढलीय म्हनून कळलं, सुतक कुनाचं त्ये कळलं न्हाई."

अकराव्या दिवशी सात वाजता मी दार उघडलं, तर रावसाहेब पायरीवर. आत आले, खुर्ची एकदा फिरवून बघितली आणि बसले. मी साबण फेसायला घेतला.

* * *

माझ्या बायकोचं ऐका. मी तिकडं शाळेवर होतो तोवर इथं गावात ती 'मास्तरीणबाई'. विहिरीवर गेली की बाया बाजूला सरून तिला जागा द्यायच्या. दुकान उघडलं आणि महिन्याभरातच एकीनं हंडा पुढं घालत म्हटलं, "सर गं न्हावीन, आमाला घाई हाय."

मी घरी हे ऐकलं आणि इतका भडकलो की वस्तरा हातात तसाच घेऊन निघालो होतो. बायकोनं अडवलं. "बसा खाली. मी दिलंय उत्तर."

"काय दिलंस?"

"म्हटलं, बयांनो, तोंड सांभाळून बोला. तुमच्या समद्यांच्या नवऱ्यांच्या माना रोज सकाळी माज्या नवऱ्याच्या वस्तऱ्याखाली असत्यात!"

तेव्हापासून पहिला हंडा तिचा.

* * *

कचेरीत एक भाऊसाहेब कारकून होते. डोक्यावर एक केस नाही. दाढी ते घरीच करत. तरी रोज दहाला माझ्या दुकानात हजर! का? तर मी पुण्याचा पेपर घेत होतो. एस.टी.नं पेपर आला की भाऊसाहेब बाकावर, आणि पहिल्या पानापासून तिथीपर्यंत सगळं वाचूनच उठणार. वर तक्रार, "गुरुजी, पेपर उशिरा येतो हल्ली. लक्ष घाला जरा." माझ्या पैशांचा पेपर, आणि लक्षही मीच घालायचं!

एक दिवस मी वैतागून पाटी लावली : 'पेपर फक्त गिऱ्हाइकांसाठी'. म्हटलं, आता बघू!

भाऊसाहेबांनी पाटी वाचली. टोपी काढून खुंटीला अडकवली आणि सरळ खुर्चीत जाऊन बसले. "कापा."

"काय कापू, भाऊसाहेब?"

"ते तुम्ही बघा! मी गिऱ्हाईक आहे. पेपर द्या."

काय करणार? चांगली पंधरा मिनिटं त्या टकलाभोवती मी मोकळी कात्री वाजवत होतो, आणि भाऊसाहेब अग्रलेख वाचत होते. मध्येच मान वर करून म्हणाले, "कानाजवळ जरा जपून."

* * *

एक धनगरबाबा पावसाळा संपला की मेंढरं घेऊन आमच्या भागातून खाली उतरायचे. एकदा दारात काठी टेकवून उभे राहिले आणि मी एकाचे केस कापत होतो ते बारकाईनं बघत बसले. मला वाटलं, हात आवडला. मग म्हणाले, "लई येळ लावता गुरुजी. येवढ्या येळात मी चार मेंढरं कातरली असती."

मला झोंबलं. म्हटलं, "बाबा, मेंढरू गप पडून राहतं. माणूस सारखा बोलतो, मान हलवतो, राजकारण सांगतो!"

"व्हय," बाबा काठी उचलत म्हणाले, "म्हनूनच म्या मेंढरं धरली."

* * *

आता हा एक किस्सा राहिला. हा मी फारसा कुणाला सांगत नाही.

दुकानाला दोन वर्षं झाली होती. बाजारचा दिवस. एक जण खुर्चीत, तोंडाला साबण लावलेला, आणि चौघे बाकावर. दाराबाहेर एक तरुण येऊन उभा राहिला. इस्त्रीची पँट, खिशाला पेन. खडकीला कुठल्याशा कारखान्यात कामाला होता, हे नंतर कळलं. मी म्हटलं, "आत या की."

"असू द्या. हितं बरा हाय."

बाकावरचा एक जण माझ्याकडे वाकून म्हणाला, "गावकुसाभाईरचा हाय त्यो. मागल्या अंगाला नेऊन कर काय करायचं त्ये. त्या खुर्चीत बसला तर आमी चाललो."

माझं डोकंच फिरलं! सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडलो, "माझ्या दुकानाला मागचं दार नाही! सरकारनं कायदा केलाय! ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं!"

चौघेही उठले. खुर्चीतला तर अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन चालता झाला. पुढं पंधरा दिवस दुकानाकडे कुणी फिरकलं नाही. मग दाढ्या वाढल्या, पुणं लांब पडायला लागलं, आणि एकेक जण नाक मुरडत परत आला, त्याच खुर्चीत बसला. ते जाऊ द्या. मला त्या सकाळचंच सांगायचंय.

मी त्या तरुणाला हाताला धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं. धुतलेलं कापड काढून त्याच्या गळ्याभोवती बांधलं. खरं सांगतो, छाती फुगली होती. तोंड चालूच. "लाजा कशा वाटत नाहीत लोकांना! माणसाला दाराबाहेर उभं करतात!"

मी कात्री चालवायला घेतली.

"नाव काय तुझं?"

"किसन."

"शिकलेला दिसतोस."

"चौथीपत्तुर. तुमच्याच हाताखाली, गुरुजी."

कात्री थांबली. माझ्या वर्गातल्या प्रत्येक पोराचं नाव, बापाचं नाव मला अजून पाठ आहे. मी आरशात त्याचा चेहरा नीट पाहिला. आठवेना.

"कुठं बसायचास तू वर्गात?"

"वर्गात न्हवं. भाईर, खिडकीखाली. तुमचा आवाज लई खणखणीत, गुरुजी. तितं समदं ऐकू यायचं."

"मग आत का नाही आलास कधी?"

किसन आरशातून माझ्याकडे बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता.

"तुमी बोलावलं कुटं, गुरुजी? आज बोलावलंत, आलो. मागनं जरा बारीक करा."